कारखानीसांचा पॉकेट व्हेटो

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कारखानीसांना मी पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी लिफ्टमध्येच हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, करार मी करू शकतो. पण मंजुरी सेनेटची लागते."

मला वाटलं, माणूस दमलाय. दिवसभर तिकडे तुआसच्या कारखान्यात उन्हात उभा राहून आलाय, व्हायचंच असं. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा, नीलिमाचा फोन आला. "अगं, येतो आम्ही रविवारी. आणि हे काही बोलले असतील तर मनावर घेऊ नकोस. कुणाच्या अंगात देवी येते, ह्यांच्या अंगात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष येतो."

बरं, गृहस्थ अमेरिकेला कधी गेलेत? छे! सांगलीहून पुणे, पुण्याहून सिंगापूर, संपला प्रवास. पण तिथली राज्यघटना कलमांसकट पाठ. जहाजांच्या कारखान्यात हे सुरक्षा अधिकारी. ह्यांची सही झाल्याशिवाय तिथे वेल्डिंगची ठिणगी उडत नाही. आणि घरी? घरी कढीपत्ता कुठून आणायचा हेसुद्धा ह्यांना कुणी विचारत नाही. मला वाटतं, हे खूळ त्यातूनच शिरलं असावं.

ते २०१६ साल होतं. तिकडे निवडणुकीची धामधूम. रॅफल्स प्लेसला आमच्या बँकेत जेवायच्या सुट्टीत सगळे कोण येणार यावर तावातावाने भांडायचे. मी एकदा कारखानीसांना विचारलं, तर त्यांनी माश्या उडवल्यासारखा हात हलवला. "माणूस कोण ते सोडा हो, वहिनी. त्या खुर्चीला काय करता येत नाही, ते बघा!"

हे त्यांचं पालुपद. काय करता येत नाही ते बघा. आणि हे सांगताना चेहरा असा खुलायचा, की समोर कुणी आमरसाची वाटी ठेवलीय.

त्यांच्या घराची घटनाही ह्याच धर्तीवर चालायची. कारखानीस राष्ट्राध्यक्ष. नीलिमा आणि मुलगी सई मिळून काँग्रेस. म्हणजे आपल्याकडची नव्हे हं, तिकडे संसदेला तसं म्हणतात. एकदा मी डबा परत द्यायला वर गेले, तर स्वयंपाकघरात हे हातात चप्पल घेऊन ताठ उभे, ओट्यावर ढब्बू झुरळ आणि खुर्चीवर चढलेली नीलिमा.

"अहो, मारा ना!"

"मी सरसेनापती आहे, नीलिमा. पण युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा. ही घोषणा समजू का?"

"समजा! काय वाट्टेल ते समजा!"

तोपर्यंत शत्रू सिंकच्या पाइपातून पसार.

आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, गणपतीला कारखानीस अध्यक्ष झाले, तेव्हा तर विचारू नका. आमचे हे टेक्का मार्केटला जाऊन दूर्वा सोडून सगळं घेऊन आले. मी फैलावर घेणार, तेवढ्यात कारखानीस पुढे. "पूर्ण क्षमा! राष्ट्राध्यक्षाला कारण द्यावं लागत नाही." आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. तेव्हा कारखानीस खाली वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "ही फक्त केंद्राच्या गुन्ह्यांना हं. राज्याच्या कोर्टात माझं काही चालत नाही." आणि माझ्याकडे बघून जे सटकले, ते थेट आरतीलाच उगवले.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या सईला अमेरिकेत कॉलेजात प्रवेश मिळाला. मिनेसोटाला.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, आनंदीआनंद! मीही तेच म्हटलं. पेढे मिळणार म्हणून वाट बघत बसले. पेढे नाहीत, काही नाही. वर जावं तर सगळे गप्प. शेवटी नीलिमानेच सांगितलं. सईने जेवताना रीतसर विधेयक मांडलं होतं, नीलिमाने हात वर केला होता, आणि कारखानीस आमटी भुरकत राहिले होते. हो नाही की नाही नाही.

"नाही म्हणून उपयोगच नाही ना," नीलिमा म्हणाली. "दोन तृतीयांश मतं लागतात, आम्ही दोघी तर अख्खी काँग्रेस. व्हेटो वापरला तरी मोडून काढू. त्यांना माहितीय. म्हणून बसलेत तोंड शिवून."

तिकडचा नियम असा, की संसदेचं विधेयक अध्यक्षाने रविवार सोडून दहा दिवस नुसतंच ठेवून घेतलं, तर ते सहीशिवाय आपोआप कायदा होतं. पण त्या मुदतीत संसद उठून गेली असेल, तर विधेयक गुपचूप मरतं. ह्याला पॉकेट व्हेटो म्हणतात. मला हे कसं माहीत? अहो, आमच्या लिफ्टने रोज ये-जा करा, तुम्हालाही कळेल.

दहावा दिवस शनिवार होता. त्या दिवशी नीलिमा आणि मी पडद्याचं कापड आणायला सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला गेलो. संध्याकाळी परत आलो, तर कारखानीस दारातच उभे. "अर्धं सभागृह परदेशी, म्हणजे सभागृह उठलंच. विधेयक बारगळलं."

सई रडत माझ्याकडे आली. एरवी गोड पोर, पण चिडली की मराठी पार विसरते आणि इथल्यासारखं वाक्याला 'लाह' चिकटवते. "मावशी, दिस इज नॉट फेअर, लाह! कॉलेजला सोमवारी रिप्लाय जायला पाहिजे. इफ ही सेज नो, आय वोन्ट गो. व्हेटोबिटो सगळं मस्करी. बट ही मस्ट लेट मी गो!"

मला गलबलून आलं. पोरगी भांडून जायला तयार नव्हती. घरातल्या तिघांनी मग एकमताने मला सुप्रीम कोर्ट नेमलं. स्वतः जोहोरला गेलेली न्यायाधीश! पण चालवून घेतलं.

रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात सुनावणी झाली. मी चष्मा लावला.

"कारखानीस, सभागृह जाताना बॅग भरून गेलं होतं?"

"नाही. रिकामी पिशवी घेऊन."

"त्याच्याकडे फोन होता?"

"होता."

"तुम्ही केला होतात?"

कारखानीसांनी मान खाली घातली. "केला होता. येताना केळ्याचे वेफर आण म्हणून."

"आणले?"

"आणले. खारे."

"मग कसलं उठलंय सभागृह! चालूच होतं. विधेयकाचा कायदा झाला. सई, सोमवारी कळवून टाक त्यांना."

सईने किंकाळी फोडली. बापाच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, आमच्या ह्यांच्याही पडली. कारखानीस म्हणाले, "निकाल मान्य आहे." मायलेकी वर पळाल्या. आमचे हे चहा टाकायला गेले. कारखानीस मात्र सोफ्यावरच बसून राहिले.

मला राहवेना. "काय हो, एवढी घटना पाठ तुमची. एका दिवसाच्या बाजारहाटाला संसद उठली म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की."

"मग भांडलात कशाला? पोरीला रात्रभर रडवलंत!"

ते स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "कुणीतरी मला सांगायला हवं होतं, वहिनी, की हे आता माझ्या हातात नाही. हातात होतं तोवर सोडवतच नव्हतं."

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले नाहीत, पेला नुसता धरून बसले. म्हणाले, "तिकडे म्हणे तळीसुद्धा गोठतात. वरून गाड्या नेतात. आमच्या सईने जन्मात कधी स्वेटर घातलेला नाही हो. इथेच जन्मली, कधी लागलाच नाही."

"मिळतात की इथे, थंडीचे कपडे."

"कुठे मिळतात?" त्यांनी एकदम वर बघितलं. "येता का आज माझ्याबरोबर? मला त्यातलं काहीच कळत नाही."