दोन तासांचा विमानप्रवास

सासरेबुवांना परदेशातून विमानाने आणायचं, हा निर्णय माझा. (घरात माझ्या वाट्याला वर्षातून एकच निर्णय येतो. त्याचं जे होतं, ते पाहून दुसरा कोणी देत नाही.) बायकोने वडिलांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं आणि हल्ली त्यांचा फोन ठेवला की ती डोळे पुसायची. सासरेबुवा गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांची अट एकच.

"दोन तासांच्या वर मी हवेत राहणार नाही, जावईबापू. गुडघे आखडतात."

"दोनच तास, बाबा. तिकिटावर छापलंय. दहाला निघतं, बाराला पोचतं."

"एवढ्या लांब?"

"विमान आहे ते."

ऑफिसात साहेबांची विमानाची तिकिटं मीच काढतो, त्यामुळे या विषयात माझा शब्द शेवटचा. (मी स्वतः कधी विमानात बसलेलो नाही, पण तज्ज्ञाला त्याची गरज नसते.) बायकोने हळूच विचारलं, "अहो, तिकडच्या आणि इकडच्या घड्याळात फरक असतो ना?"

"तो फोन करताना बघायचा," मी म्हणालो.

विमान बाराच्या ठोक्याला उतरलं. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात सासरेबुवा बाहेर आले, भिंतीला धरून.

"नऊ तास, जावईबापू," ते म्हणाले. "जेवण आलं, ते परत पाठवलं. म्हटलं, आता लेकीकडेच जेवू. दोन तास झाले तसा पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या मुलीने बसवलं. तिसऱ्या तासाला पुन्हा गेलो. मग तिने मला पट्टाच बांधला."

बायकोने त्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि त्यांना धरून घरी आणलं. त्यांना ठेवून घ्यायची माझी जेमतेम आठवडाभराची तयारी होती, म्हणून चार दिवसांनी मी परतीचं तिकीट सासरेबुवांसमोर ठेवलं. सकाळी दहाला निघून रात्री दोनला पोचत होतं. त्यांनी पेन्सिल मागितली.

"येताना तिकिटावर दोन तास, प्रत्यक्षात नऊ. जाताना तिकिटावर सोळा. त्रैराशिक मांडा."

मी मांडलं. "बहात्तर," मी म्हणालो.

"म्हणजे तीन दिवस हवेत. माझ्याने व्हायचं नाही."

"बाबा, जातानाही नऊच तास लागतात. तो घड्याळातला फरक..."

"तो फोन करताना बघायचा," बायको म्हणाली.

गणिताच्या मास्तरांना एवढं कळत नसेल, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण बापलेक एकमेकांकडे बघून असे काही हसले की तिकीट मी मुकाट्याने रद्द केलं.

सासरेबुवा आता माझ्या खोलीत असतात. मी बाहेर सोफ्यावर असतो. ऑफिसातून आलो की ते मला समोर बसवून घड्याळ शिकवतात आणि दर शनिवारी परीक्षा घेतात. काल दहापैकी दोन गुण मिळाले. त्रैराशिकाने त्याचे नऊ होतात, हे मी बायकोला पटवून पाहिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पेपरवर पालकांची सही केली.