गौरीशंकरचा प्रोसेसर आणि तात्यांची तब्येत

सकाळी संगणक सुरू केला की गौरीशंकर दुकानापुढची जागा झाडून घ्यायचा, देवाला उदबत्ती लावायचा, समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचा आणि तरीही पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. भूमच्या एसटी स्टँडकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, शुभविवाह आणि श्रद्धांजली, अशी माणसाच्या सगळ्या बऱ्यावाईट प्रसंगांची सोय तिथं होती. फक्त ती जरा सावकाश व्हायची.

वाढदिवसाचं एक बरं असतं. तो कधी येणार हे आदल्या वर्षीच ठाऊक असतं. नेत्याच्या गालावर लाली चढवायला त्या संगणकाला, म्हणजे गौरीशंकरच्या मशीनला, अख्खी दुपार लागली तरी कुणाचं काही अडत नाही. मरणाचं तसं नाही. माणूस सकाळी गेला की अंत्ययात्रा निघायच्या आत चौकात फोटो लागायला हवा, फार तर तिसऱ्याच्या आत. मागच्या उन्हाळ्यात एका हेडमास्तरांच्या बॅनरवर मशीन 'श्रद्धां' इथपर्यंत आलं आणि जे अडलं ते अडलंच. बॅनर लागला तेराव्याला, जेवणाच्या पंगतीवर. मास्तरांच्या मुलांनी त्यानंतर गौरीशंकरला ओळख दिली नाही. आता गावातली सगळी मरणं चौकातल्या बलभीमकडं जायला लागली होती. त्याच्याकडं नवंकोरं मशीन होतं.

"ह्यो डबा बदला, न्हाय तर धंदा तरी बदला," असं गौरीशंकरची बायको निकिता रोज ऐकवत होती. ती दुकानात बसायची, आणि फिरणाऱ्या चक्राकडं बघत गिऱ्हाइकांशी बोलत राहायचं काम तिच्याकडं होतं.

शेवटी गौरीशंकरनं धाराशिवच्या योगीराजला फोन लावला. योगीराज संगणक दुरुस्त करायचा आणि नाडी बघितल्यासारखा फोनवरूनच निदान सांगायचा.

"तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा हाय," योगीराज म्हणाला. "जग चौदाव्याच्या बी पुढं गेलंय. आन् निस्ता प्रोसेसर बदलून भागत न्हाय. बोर्ड बदलायचा, रॅम बदलायची, समदं उतरवून पुन्हा चढवायचं. तुमच्या मराठी फॉन्टचं तर लई त्रांगडं असतंय. आठवडाभर मशीन माझ्याकडं, असं धरून चला."

"आन् थांबलो तर?"

"थांबलात तर दिवाळीला नवी पिढी येतीय. मग आत्ताच्या पिढीचा भाव पडंल."

"मग थांबू म्हंता?"

"थांबा की. पर दिवाळीला तुमी फोन करताल, तवा त्येच्या पुढची येणार आसंल."

गौरीशंकर विचारात पडला. घ्यावा तर आठवडाभर दुकान आंधळं, थांबावं तर बलभीम गिळायला बसलेला. तरी त्यानं धाडस करून घ्यायचं ठरवलं असतं. पण त्याच आठवड्यात हिंमतराव तात्यांना बार्शीच्या दवाखान्यात हलवलं.

हिंमतराव तात्या म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. पद जाऊन जमाना झाला होता, तरी तालुक्यातल्या निम्म्या घरांतली लग्नं तात्यांच्या ओसरीवर जमलेली, भांडणं आणि वाटण्या तिथंच मिटलेल्या. असा माणूस गेला तर गावोगावचे लोक बॅनर लावणार. तरुण मंडळं लावणार, भजनी मंडळं लावणार, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्ष लावणार. ते काम ज्याच्याकडं जाईल तो उभा राहणार आणि दुसरा शटर ओढून घरी जाणार, हे गौरीशंकरला आणि बलभीमला दोघांनाही लख्ख कळत होतं. आणि नेमकं त्याच वेळी मशीन योगीराजच्या टेबलावर पोट फाडून पडलेलं असलं तर?

तेव्हापासून प्रोसेसरचा निर्णय तात्यांच्या तब्येतीवर येऊन ठेपला. तात्यांना बरं वाटलं की मशीन धाराशिवला पाठवायचं, बिघडलं की थांबायचं. बातमी पक्की हवी म्हणून गौरीशंकर रोज सकाळी तात्यांच्या घरी जाऊ लागला. तात्यांची बायको कमलबाई त्याला चहा द्यायची.

"आज कसं हाय काकू?"

"आज पेज घेतली म्हणं वाटीभर," कमलबाई सांगायची आणि पदरानं डोळे पुसायची. "तू तरी इचारतोस बाबा. एरवी ओसरीवर बसायला जागा नसायची."

आपल्या दुकानाचा नारळ तात्यांनीच फोडला होता, पहिला बॅनरही त्यांनीच दिला होता, आणि आपण आज त्यांच्या पेजेच्या वाटीवरून मदरबोर्डाचा हिशेब लावतोय, याची गौरीशंकरला लाज वाटायची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात. आपण तर माणूस जिवंत असतानाच वाटी घेऊन बसलोय. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जायचा.

एकदा तात्यांना घरी आणलं. त्यांनी भाकरी मागितली असं कळताच गौरीशंकरनं मशीन सोलापुरी चादरीत गुंडाळलं आणि धाराशिवची एसटी पकडली. मशीन मांडीवर घेऊन तो असा जपून बसला होता की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "घरचा देव हाय का? तुळजापूरला भेटीला न्हेताव?"

प्रोसेसर समजावून सांगण्यापेक्षा सोपं म्हणून गौरीशंकर "व्हय" म्हणाला. म्हातारीनं लगेच पिशवीतून कुंकू काढून चादरीला लावलं. पुढच्या बाईनंही लावलं. कंडक्टरनं तिकीट देताना एका हातानं नमस्कार केला. तेवढ्यात निकिताचा फोन आला.

"आवो, तात्यांना परत बार्शीला न्हेलंय. लई कठीण हाय म्हंत्यात. बलभीमनं फ्लेक्सच्या कापडाचे रोल मागिवले."

गौरीशंकर ताडकन उठला आणि घंटीची दोरी ओढायला लागला.

"आरं, भेट न घडवता देव माघारी न्हेऊ न्हाय," म्हातारी घाबरून म्हणाली. "घरात कुणाचं तरी बरंवाईट हुतंय."

"त्येच्यासाठीच चाललोय," असं गौरीशंकरच्या तोंडून निघून गेलं आणि तो फाट्यावर उतरला. ऊन रणरणत होतं. कुंकू लावलेलं मशीन छातीशी धरून तो परतीच्या गाडीची वाट बघत उभा राहिला. खरं सांगायचं तर आपण नेमकी कशाची वाट बघतोय हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा मुलगा रणधीर दुकानात आला. त्यानं आधी बाहेर बघितलं आणि मग खुर्ची पुढं ओढली.

"तू रोज घरी येतोस, आई सांगती. म्हणून तुझ्याकडं आलो, बलभीमकडं न्हाय गेलो. तयार ठिव. तारखेची जागा तेवढी मोकळी सोड."

"आत्ताच?"

"तुझं मशीन म्हंजे बैलगाडी. येळंवर हुतंय का? आन् ह्यो माझा फोटो. मोठा घे. पुढं जिल्हा परिषद हाय."

रणधीरचा फोटो त्याच्या वाढदिवसाचा होता. डोळ्यांवर गॉगल, चेहऱ्यावर भरघोस हसू. गौरीशंकरनं गॉगल उतरवला, पण हसू काही निघेना. एका बाजूनं ओठ खाली ओढले की मशीन अडकायचं, दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत पहिली बाजू पुन्हा वर. दोन दिवस खपल्यावर रणधीरचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला. गौरीशंकरनं तोच शोक समजून ठेवून दिला. वर कोपऱ्यात लंबगोलात तात्या, खाली हात जोडून उभा अख्खा रणधीर, त्याच्याखाली शोकाकुल मंडळींचे चेहरे आणि तारखेच्या जागी नुसती रेघ. गौरीशंकरनं ती फाईल घाईनं बंद केली.

आणि तात्या बरे झाले. डॉक्टरांनी हात टेकलेला माणूस आठवड्याभरात काठी टेकत ओसरीवर आला. गावाला आनंद झाला. गौरीशंकरलाही झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्यातला प्रोसेसरपुरता आनंद किती हे त्यानं तपासून बघितलं नाही. उद्या मशीन धाराशिवला न्यायचं ठरलं. त्याआधी ती नकोशी फाईल पुसून टाकावी म्हणून तो संगणकासमोर बसला. पण त्याच्या उतावळ्या बोटानं माउस दोनदा दाबला आणि फाईल पुसली जायच्या ऐवजी उघडायला लागली. चक्र फिरू लागलं.

"गौरीशंकर हाय का?"

दारात तात्या होते. धोतर सैल झालेलं, गालफडं बसलेली, पण डोळे तेच. बाहेर रिक्षा उभी होती.

"तुमी कशाला आलाव तात्या? म्या आलो असतो की."

"तू रोज आलास. एवढ्या गावात तू एकटा रोज आलास. कमल सांगत हुती," बाकावर टेकत तात्या म्हणाले. "पोटच्या पोरानं इतकं केलं न्हाय. म्हनलं, पाय चालत्यात तवर त्येच्या दारात जाऊन यावं."

बाकासमोरच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना डिझाइन दिसावं म्हणून मोठा टीव्ही लावला होता. त्यावर वरून एकेक पट्टी उमटायला सुरुवात झाली. आधी झेंडूची माळ आली. मग भगवा फेटा.

गौरीशंकरनं माउस दाबला. चक्र फिरत राहिलं. त्यानं कीबोर्डवरची ठाऊक असलेली सगळी बटणं दाबून बघितली.

"फेटा तर माझा वाटतोय," तात्या डोळे बारीक करून म्हणाले. "घरी आलो म्हणून करतोस व्हय? कशाला रं उगी खर्च."

कपाळ आलं. भुवया आल्या. गौरीशंकरनं टेबलाखाली पाय घालून भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. पंखा थांबला, दुकानातला दिवा गेला. पण मशीन आणि टीव्ही मध्येच बंद पडू नयेत म्हणून गेल्याच महिन्यात त्यानं यूपीएसला नवी बॅटरी बसवून घेतली होती. यूपीएस टीं टीं करायला लागला आणि अंधारात टीव्ही आणखी ठसठशीत दिसू लागला. नाक आलं, मिशा आल्या. त्याखाली 'भावपूर्ण' आलं.

तात्या अजून हसत होते. मग दुसरा शब्द आला.

पट्ट्या उतरतच होत्या. धरणीनं पोटात घ्यावं असं गौरीशंकरला वाटलं. रणधीर पायापर्यंत पूर्ण उमटला, तेव्हा तात्या बोलले.

"ह्यो माझ्यापेक्षा मोठा झालाय की."

"त्येंनीच सांगितलं तात्या. तयार ठिव म्हनले."

"आन् ह्येच्या दाताला काय झालंय?"

"हसत हुते. हसू काढलंय."

तात्यांनी खालचे चेहरे एकेक करून बघितले. "ह्यो शोकाकुल बार्शीला एकदा बी फिरकला न्हाय," ते पुटपुटले. मग गौरीशंकरकडं वळले. "मग तू रोज सकाळी यायचास, त्ये ह्येच्यासाठी?"

हो म्हणणं जड होतं आणि नाही म्हणणं त्याहून जड. गौरीशंकरनं सगळं सांगून टाकलं. चौथी पिढी, योगीराज, आठवडाभराची अडचण, बलभीम, फाट्यावरचं ऊन. सांगता सांगता त्याला रडू आलं. "मशीन उघडावं का थांबावं, एवढंच बघाया येत हुतो तात्या. तुमचं वाईट चिंतायला न्हाय."

"एकच की रं त्ये," तात्या म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि एवढ्या लोकांत आपली रोज चौकशी करणारा एकच निघाला आणि तोही असा, याचं उघड दुःख होतं. काठीवर भार देऊन ते उठले. दारात थांबले.

"घेऊन जा त्ये मशीन. बदलून आण."

"आन् मधी काय..."

"तू बदलून आण. तवर मी थांबतो."

गौरीशंकरनं दुसऱ्याच दिवशी मशीन योगीराजकडं पोचवलं. त्या दिवसापासून सकाळी तात्या रिक्षानं दुकानात येऊ लागले. बाकावर बसायचे, घामाघूम झालेलं कपाळ पुसायचे आणि विचारायचे, "काय म्हंतंय मशीन?"

"बोर्ड यायचाय तात्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज कसं हाय?"

"आज रॅम बसिवली म्हणं."

चहा यायचा. इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या. तात्यांचा खोकला वाढला होता, सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. तरी ते चुकत नव्हते. "यायला कारण हाय म्हणून उठतो बग," एकदा ते म्हणाले.

मशीन शनिवारी आलं. योगीराजनं गाडीतून पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "आता डोळ्याचं पातं लवायच्या आत फाईल उघडंल." निकितानं खोकं उचलून टेबलाजवळ ठेवलं. रविवारच्या बाजाराला दोन बॅनर गेले ते बलभीमकडं. सोमवारी आणखी एक गेला. खोकं तसंच होतं.

"निस्त्या वायरी जोडायच्या हायेत," निकिता म्हणाली. "तुमाला झालंय तरी काय? एवढे दिवस मशीन न्हाय म्हणून बोंबलत हुता."

"थांब जरा."

"कशापायी थांबू? दुकान बुडल्यावर जोडताव का?"

तेवढ्यात रिक्षा थांबली. दोन दिवस अंथरुणात काढलेल्या तात्यांना आज रिक्षावाल्यानं हात धरून आत आणलं. बाकावर बसून श्वास जागेवर यायला त्यांना वेळ लागला.

"काय म्हंतंय मशीन?"

निकितानं नवऱ्याकडं बघितलं.

"अजून आलं न्हाय तात्या," गौरीशंकर म्हणाला. "काय तरी फॉन्टचं अडलंय म्हंतोय. लागत्याल अजून दिवस."

तात्यांची नजर टेबलाजवळच्या खोक्याकडं गेली. धाराशिवच्या दुकानाचं नाव त्याच्यावर हाताएवढ्या अक्षरांत होतं. तात्यांनी ते सावकाश वाचलं. मग निकिताकडं वळून म्हणाले, "सूनबाई, ह्येला घाई करायला लावू नगा. असली कामं दमानंच व्हायला पायजेत."

निकिता चहा सांगायला बाहेर गेली. तात्यांनी एक पाय उचलून त्या खोक्यावर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि भिंतीला पाठ टेकून बसले.