देवळाभोवती राउंड अँड राउंड

खेमसिंगनं ठरवलं, होणाऱ्या व्याह्यांसमोर एखादा तरी इंग्रजी शब्द टाकायचा. मुलगा मास्तर होता ना त्यांचा! मोठ्या पुष्पासाठी असं स्थळ घाटंजीकडच्या एकाही तांड्यात आलं नव्हतं (हे खेमसिंगचं मत, सगळ्या तांड्यांना त्यानं विचारलं नव्हतं).

धाकटी शीला यवतमाळच्या कॉलेजात. तिनं सोपं काढून दिलं, ‘राउंड अँड राउंड’.

“म्हणजे?”

“गोल गोल, बा. फिरतच राह्यलं अन् कुठीच पोचलं नाही, का राउंड अँड राउंड.”

खेमसिंग थक्क झाला. साहेबाची भाषासुद्धा आपल्यासारखीच दोनदा म्हणते! सातासमुद्रापलीकडे कुण्या गोऱ्या बाईनंही जातं ओढताना हेच म्हटलं असेल, या विचारानं त्याला अगदी भरून आलं. “पण दोनदा म्हणावं, इतकं कोण फिरते?” एवढी शंका मात्र राहिली.

भावसिंग, म्हणजे होणारे व्याही, कळंबकडून एसटीनं आले. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. तांड्याच्या तोंडाशी सेवालाल महाराजांच्या देवळात भेटायचं फोनवर ठरलं होतं. पाहुणा तिथं ताटकळला, रागानं परतीच्या गाडीत बसला, तर स्थळ हातचं गेलंच. खेमसिंग शीलाला घेऊन धावतच पोचला. पायरीशी अनोळखी चपला होत्या, पण माणूस नव्हता. त्यानं फोन लावला.

“दर्शन झालं, देवळाच्या मांगं आहो,” भावसिंग म्हणाले. “येतो समोर.”

“तुमी कायले? मीच येतो!”

पाहुण्याला चालायला लावायचं कसं, म्हणून खेमसिंग मागे निघाला. यजमानाला त्रास कशाला, म्हणून भावसिंग पुढे निघाले. दोघांनीही देव उजव्या हाताला ठेवला होता.

“मांगं आलो मी. तुमी कुठी?”

“मी समोर! थांबा, येतो.”

“नाही नाही, मीच येतो!”

एकानं उलटं फिरायचा अवकाश, गाठ पडली असती. पण देवळाभोवती उलटं फिरणारा माणूस त्या तांड्यात जन्मला नव्हता, आणि कळंबकडेही नसावा. तेवढ्यात खेमसिंगचा फोन मेला. त्यानं धोतर वर खोचलं आणि पाय उचलले. शीला पायरीवर बसून बोरं खात होती. शेवटी खेमसिंगला देऊळच फिरताना दिसू लागलं, तेव्हा तो मटकन खाली बसला. मागून एक फेटेवाले गृहस्थ आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

“मघापासून वळणावर तुमच्या टाचा पाहून राह्यलो. म्हटलं नवस असंल, मंधात टोकू नाही. या पोरीले इचारलं, तं म्हणे हेच खेमसिंग. एवढी भक्ती! आता घरदार काय पाहाचं? पोरगी आमची झाली.”

खेमसिंगचे डोळे पाणावले. काय त्या इंग्रजी शब्दांची ताकद, न म्हणताच स्थळ पक्कं! “राउंड... अँड राउंड...” एवढंच तो कसाबसा म्हणाला, आणि भावसिंगांनी पुन्हा हात जोडले.

घराकडे जाताना पाहुणे जरा पुढे गेले. खेमसिंग शीलाच्या कानाशी लागला. “तुले दोघंबी दिसून राह्यले होते. मंग मले थांबवलं काहून नाही?”

शीलानं बोराची बी थुंकली.

“तुमीच इचारलं होतं ना, बा? इतकं कोण फिरते म्हणून.”