वाढदिवस रोपांच्या खोलीत

"आज विजेचा काटा जागचा हलणार नाही, बघत राहा," वूटरने सकाळीच बायकोला बजावलं.

नाल्डवाइक गावातल्या एका बंद खोलीत तो दिव्यांखाली टोमॅटोची रोपं वाढवी. दे ग्राफ नावाचा मोठा बागायतदार सकाळी मीटर टिपून गेला होता. पाच वाजता पुन्हा येणार होता. शेजारच्या लॅम्बर्टपेक्षा कमी विजेत रोपं होत असतील, तर वर्षभराचं काम वूटरला. नाहीतर खोलीला कुलूप.

नेमका आजच सासूबाईंचा वाढदिवस.

"इथेच बोलवू सगळ्यांना," वूटर म्हणाला. "माणसं जो श्वास सोडतील, तो रोपांना खाऊ. कर्बवायू विकत आणायला नको, घर तापवायला नको."

"आईचा वाढदिवस आहे की रोपांचं जेवण?" मार्लूस म्हणाली. पण घर तापवायचं यंत्र त्याने आधीच बंद करून ठेवलं होतं.

पाहुणे आले. तिथल्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं आणि रोपांच्या मांडण्यांच्या मधे गोल करून बसले. कॉफी फिरली, केक फिरला, पत्ते वाटले, आणि कोपऱ्यातलं गार हवेचं यंत्र घरघरू लागलं. एवढ्या अंगांची ऊब त्याने हिशेबात धरलीच नव्हती. निर्जळी उपास सोडल्यासारखं यंत्र घटाघटा वीज पीत होतं.

"मंडळी, जरा बेतानं हसा," तो काकुळतीला आला. "हसलं की अंग तापतं."

"मग रडू का?" मार्लूसचे मामा म्हणाले.

"जावईबापू, श्वास घेतलेला चालेल ना?" सासूबाईंनी विचारलं.

काटा पळतच होता. शेवटी वूटरने दिवेच मालवले. "रोपांची वामकुक्षी," तो ओशाळून म्हणाला. यंत्र शांत झालं.

"पत्ते दिसेनात," सासूबाई पुटपुटल्या. त्यांनी पिशवीतून आपल्या सायकलचा दिवा काढला आणि खुर्चीमागच्या खांबाला अडकवला. दुपारभर डाव रंगला. वूटर मात्र देव्हाऱ्यापुढे बसावं तसा मीटरपुढे बसून होता.

पाचला दे ग्राफ आला. सासूबाईंशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी सगळ्यांनी हात धरून त्याचंही अभिनंदन केलं. त्यातून सुटून त्याने मीटर वाचला. पुन्हा वाचला.

"लॅम्बर्टपेक्षा कमी. बरीच कमी."

"म्हटलं नव्हतं?" वूटरने ऐटीत दिवे लावले.

दोन्ही बाजूंची झाडून सारी रोपं माना वाकवून सासूबाईंच्या खुर्चीकडे बघत होती.

दे ग्राफने एक रोप बोटाने सरळ करून पाहिलं. ते परत वाकलं.

"अंधारात वीज कुणीही वाचवतं, वूटर," तो हळूच म्हणाला. "काम लॅम्बर्टला देतो." आणि दार ओढून निघून गेला.

सासूबाईंनी सायकलचा दिवा काढून पिशवीत टाकला. "इतक्या वर्षांत जावयाने माझ्यापुढे कधी मान तुकवली नाही. रोपं बरी म्हणायची."

वूटर खाली मान घालून केकच्या ताटल्या गोळा करू लागला.

"बघा," सासूबाई मामांना म्हणाल्या, "ही मान तर दिव्याशिवायच वाकली."