पीक कोन्तं, तण कोन्तं?

कांताकाकूंना हिरवं दिसलं की त्या उकिडव्या बसतात अन् तण उपटायला लागतात. मग ते शेत असो की कुणाचं अंगण. मागं एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत मंगल कार्यालयाच्या हिरवळीचा एक कोपरा साफ! मॅनेजर बोंबलत आला, "आजी, ते गवत लावलेलं आहे!"

"गवत कोनी लावतंय व्हय रे, येड्या?" काकूंनी त्यालाच झापलं.

काकू आमच्या शेजारच्या. डोंगरकडा गावातलं शेत पोरानं बटईनं कसायला दिलं अन् त्यांना इथं हिंगोलीत आणलं. सून इतकी गुणाची, की पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. "बसा तुमी आत्याबाई, होतंय सगळं."

औंदा गल्लीतल्या बायांची हिमालयाची सहल निघाली, तर मी काकूंना ओढूनच नेलं. धापा टाकत वर पोचलो, अन् बाई गं! झाडं खालीच राहिली होती. पुढं डोंगरभर नुसती फुलं. निळी, पिवळी, गुलाबी. आम्ही फोटो काढून राहिलो अन् काकू पार गोंधळलेल्या. पदर खोचला, वाटेच्या कडेला बसल्या, पण हात पुढं जाईना.

"का वं, यातलं पीक कोन्तं अन् तण कोन्तं?"

मला काय माहीत! मी तिथल्या वनरक्षकाला विचारलं. तो हसला. "सब फूल ही हैं, अम्माजी. हाथ मत लगाना."

"मंग पेरतंय कोन? निंदतंय कोन?"

"कोई नहीं. अपने आप होता है."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, दम लागला. पाणी दिलं तर घेईनात.

"म्हंजी इथं बी कुनाची गरज न्हाई," त्या म्हणाल्या अन् ढसाढसा रडायला लागल्या.

दिवसभर रिकामं बसणं या बाईला किती जड जात असेल, ते माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. मी म्हटलं, "काकू, खाली उतरायची मला लई भीती वाटून राहिली."

काकूंनी डोळे पुसले. "मंग आलीस काहून इतक्या वर? धर हात! पाय आडवा टाक. खाली नको बघू, माझ्याकडं बघ!"

रागवत, सांभाळत त्यांनी मला पायथ्याला आणलं. भीतीबिती मला काही वाटत नव्हती. पण सपाट रस्ता लागला तरी काकूंनी हात सोडला नाही, अन् मीही सोडवून घेतला नाही.