उकळलेलं दार

विषय : श्री. पुंडलिकराव यांच्या दारव्हा येथील राहत्या घरात बसविलेल्या स्वयंपाकघरातील कपाटांचा दर्जा व टिकाऊपणा तपासणेबाबत.
संदर्भ : १) सौ. मैनाबाई यांचे गेल्या एकतीस वर्षांतील तोंडी आदेश. २) रामधन मिस्त्री यांचे कपाटांविषयीचे विधान.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सविस्तर हकीकत अशी, की पुंडलिकराव पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर लगेचच मैनाबाईंच्या स्वयंपाकघरात कपाटं आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक प्रेरणा, जावई आणि व्याही-विहीण पहिल्यांदाच मुक्कामाला यायचे होते. विहीणबाईंच्या घरी म्हणे कपाटांची दारं आपोआप, आवाज न करता मिटतात. मैनाबाईंच्या घरी तोवर डबे उघड्या फळीवर होते आणि आवाज न करता मिटणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुंडलिकरावांचं तोंड.

रामधन मिस्त्रीनं खालची कपाटं दोन दिवसांत बसवली. काम झालं तशी पुंडलिकरावांनी चष्मा लावून विचारलं, की टिकतील किती?

"बाबूजी, अस्सल प्लाय हाये," रामधन म्हणाला. "उकळत्या पान्यात टाका, बहात्तर तास. पापुद्रा सुटला तर नाव बदलीन."

दुसऱ्या कुणी हे ऐकून मान हलवली असती आणि चहा मागवला असता. पण पुंडलिकरावांच्या नोकरीला एक डाग होता. एकदा कार्यालयात चाळीस खुर्च्या आल्या, त्यांनी त्या न बघता 'माल सुस्थितीत प्राप्त' अशी सही केली, आणि त्यांतली पहिलीच खुर्ची पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांखाली बसली. म्हणजे साहेब बसले, पाठोपाठ खुर्चीही बसली. खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून ते भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा चाखल्याशिवाय पिशवीत टाकत नसत.

त्यांनी आधी प्रत्येक कपाटाच्या दारावर आतून लाल रंगानं नंबर घातले, स्व/१ ते स्व/९. खात्यात खुर्चीपासून पिकदाणीपर्यंत प्रत्येक वस्तूवर नंबर असे. नंबर आहे ती वस्तू सरकारची. नंबर नाही ते भंगार. या नियमावर त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती.

"नव्या कपाटाले गोंदून ठेवलं," मैनाबाई म्हणाल्या, आणि एवढ्यावर हे भागलं असं समजून कामाला लागल्या.

भागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकखालचं दार, स्व/४, जागेवर नव्हतं. ते परसात, तीन दगडांच्या चुलीवर, लग्नात भात शिजवायच्या गंजात उभं होतं.

बहात्तर तास सलग जागायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून पुंडलिकरावांनी चाचणी कार्यालयीन वेळेत घ्यायचं ठरवलं. दहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. रोजचे सात तास धरले तर अकराव्या दिवशी काम संपत होतं आणि बाराव्या दिवशी आखाजी होती. (रविवारची सुट्टी त्यांनी लोकहितास्तव रद्द केली.)

बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन, समोर जाळ. पुंडलिकरावांना बसवेना. दर पाच मिनिटांनी ते उठत, झाकण काढत, दार उलथन्यानं टोचत, परत बसत, परत उठत. दार आहे तसंच होतं, पण पुंडलिकरावांचे पापुद्रे सुटायला लागले होते.

कुंपणापलीकडून शेजारच्या रुक्माबाईंनी डोकावलं.

"भाऊजी, कायचा कार्यक्रम हाये?"

"कपाट उकळून राह्यलो."

रुक्माबाईंनी टाचा उंचावून गंजात पाहिलं. "किती येळ लागते शिजाले?"

"बहात्तर तास."

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन मतं झाली. एका मतानुसार पुंडलिकरावांना ऊन लागलं होतं, दुसऱ्या मतानुसार पेन्शन. मैनाबाईंनी धुराच्या आणि लाजेच्या निमित्तानं मागच्या दाराला आतून कडी घातली. जेवणाचं ताट खिडकीतून बाहेर येऊ लागलं.

सहाव्या दिवशी सरपण म्हणून रचलेल्या पऱ्हाट्या संपल्या. आठव्या दिवशी बोरीच्या काट्या संपल्या. नवव्या दिवशी पाणी थंड व्हायला लागलं आणि पुंडलिकराव घायकुतीला आले. दोन दिवसांसाठी सगळी चाचणी रद्द ठरणार होती. ते जळण शोधत घराभोवती फिरले. न्हाणीमागे, पोत्यांत गुंडाळून, दहा-बारा लांबरुंद फळ्या भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. पुंडलिकरावांनी पोती काढली. प्रत्येक फळी उलटसुलट करून पाहिली. कुठंही नंबर नव्हता.

फळ्या पेटता पेटेनात. त्यांनी कुऱ्हाडीनं ढलप्या काढल्या, रॉकेल ओतलं, फुंकून फुंकून डोळे लाल केले. कसलं बेकार लाकूड, म्हणून मनात शिव्याही दिल्या. पण पडेल ते काम करणारे लिपिक होते ते. अकराव्या दिवशी दुपारी बहात्तर तास पूर्ण झाले.

दार बाहेर काढलं. पापुद्रा नाही, फुगवटा नाही, लाल स्व/४ सुद्धा शाबूत. पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची सही खरी ठरणार होती.

त्याच वेळी रामधन मिस्त्री वणीचं काम उरकून हत्यारांची पिशवी घेऊन आला. मैनाबाईंनी अकरा दिवसांनी मागचं दार उघडलं. रामधन थेट न्हाणीमागे गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"बाबूजी, वरच्या कपाटायच्या फळ्या?"

पुंडलिकरावांनी चुलीकडे पाहिलं. मग रामधनकडे. मग, नाइलाजानं, मैनाबाईंकडे.

"त्यावर नंबर नव्हता," ते म्हणाले.

"मीच याले तिथं ठेवाले सांगतल्या होत्या," मैनाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी तवा आतमधी रंग देऊन राह्यले होते."

रामधननं राखेत काडी घातली. अर्धवट जळालेला एक तुकडा वर काढला, पुसला, नखानं टोकरला.

"पेटल्या कशा पन?"

"लई त्रास झाला," पुंडलिकराव प्रामाणिकपणे म्हणाले. "दीड दिवस फुंकून राह्यलो होतो."

रामधनची छाती फुगली. "म्हनलं नोतं का? माल पक्का हाये."

आखाजीला व्याही-विहीण आले. खालची आठ दारं आवाज न करता मिटली; नववं, स्व/४, अजून परसात वाळत होतं. वर भिंत होती. विहीणबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग मैनाबाईंकडे, आणि पुरणपोळी छान झाली म्हणाल्या. मैनाबाईंना ते लागलं ते लागलंच.

पाहुणे गेल्यावर त्यांनी पुंडलिकरावांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबवलं. "तुमाले तोंडी सांगतलेलं समजत नाई," त्या म्हणाल्या. "आता जे पायजे ते लिहून द्या."

त्यानुसार पुंडलिकरावांनी दुसऱ्याच दिवशी, माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेण्यासाठी स्वयंपाकघरात प्रवेश मिळणेबाबत, दोन प्रतींत अर्ज सादर केला. एका प्रतीवर सध्या तेलाची बरणी ठेवलेली आहे. दुसरी प्रत, त्रुटी असल्यानं, परत आली. त्रुटी कळविण्यात आलेली नाही. अर्जदार परसातल्या नळाचं पाणी पितो. ते दुपारी बारानंतर जवळजवळ उकळलेलंच येतं.

अर्ज प्रलंबित आहे.