प्रमिलाबाईंना दिसलेलं खोकं

नवे पास्टर अश्विन पुलगावला आल्यापासून रूपराव उपासनेत भिंतीला पाठ टेकून बसत. पाठीमागे कोण बसलंय, याचा भरवसा राहिला नव्हता.

कारण होतं संदेशाचा सराव. उपासना संपली की देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या जात. मंडळी डोळे मिटून गाणं म्हणत त्यांच्याभोवती फिरे, एकमेकांच्या पायांवर पाय देई आणि गाणं थांबलं की हाताला लागेल त्या खुर्चीत बसे. मग एका रांगेतल्यांनी, पाठीशी कोण आहे ते न पाहता, प्रभू मनात आणील ते मोठ्यानं सांगायचं. ऐकणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. शेवटी उभं राहून 'लागू आहे' किंवा 'लागू नाही' एवढंच म्हणायचं. लग्न, मूलबाळ आणि मरण हे विषय पास्टरांनी वगळले होते, त्यामुळे निम्म्या मंडळीला बोलायला काही उरलं नव्हतं.

"पवित्र शास्त्रात पौलानंच सांगितलंय," पास्टर म्हणत. "संदेश सांगायच्या या दानाची हौस धरा, आणि बाकीच्यांनी पारख करा."

"प्रभूले सांगायचंच असलं तर तो कीर्तनात सांगते, सुरात," रूपराव घरी येऊन बायकोला म्हणत. "असा पाठीमागून नाई सांगत."

"तुमाले कीर्तनाशिवाय काही दिसतेच कुठी," देवकाबाई म्हणत.

ते खरं होतं. रूपराव या देवळाचे कीर्तनकार. कापणीच्या सणाला लोक नवी ज्वारी, तूर, कापसाची बोंडं, वांगी, कोंबड्या असं काहीबाही प्रभूपुढे आणत आणि रूपराव हार्मोनियमवर शास्त्रातलं आख्यान लावत. म्हाताऱ्या बायका त्या दिवशी डोळे पुसायला वेगळा पदर घेऊन येत म्हणा ना. पण यंदा पास्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दादा, तुमची हार्मोनियम मधेच खोकते. या सणाला नीट वाजली तर ठीक. नाहीतर पुढच्या सणापासून तरुण संघातल्या धनंजयचा कीबोर्ड आणि दोन गाणी. कीर्तन राहू द्या."

आणि नेमका त्याच आठवड्यात उंदरानं हार्मोनियमचा भाता कुरतडला. उंदराचा दोष नव्हता. रक्तदाब वाढल्यापासून देवकाबाईंनी शेव बंद केली होती, म्हणून रूपराव शेवेचा पुडा हार्मोनियमच्या लाकडी खोक्यात ठेवत आणि तालमीच्या निमित्तानं देवळात जाऊन खात. उंदीर शेवेसाठी आला आणि भात्यावर थांबला.

रूपरावांनी गुपचूप हार्मोनियम चादरीत बांधली आणि वर्ध्याच्या कारागिराकडे नेऊन टाकली. रिकामं खोकं हलकं लागू नये म्हणून देवकाबाईंच्या जुन्या लुगड्यात दोन विटा गुंडाळून आत ठेवल्या आणि वर कुलूप घातलं. ही गोष्ट फक्त शेजारच्या महादेवरावांना ठाऊक होती, कारण स्टेशनपर्यंत त्यांचाच ऑटो होता.

त्या रविवारी गाणं थांबलं आणि रूपरावांच्या पाठीशी कोणीतरी बसलं. आवाज ऐकला तेव्हा कळलं, प्रमिलाबाई. गिरणीच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या गरीब विधवा. आजवर त्यांनी सरावात तोंड उघडलं नव्हतं.

"मले," प्रमिलाबाई चाचरत म्हणाल्या, "एक खोकं दिसून राह्यलं. वरून झाकण लावेल आहे. पण आत जे पाह्यजे, ते नाई."

रूपरावांनी खिशातली कुलपाची किल्ली चाचपली. आजवरचे संदेश म्हणजे 'तुह्यावर उजेड येऊन राह्यला' अशा थाटाचे, कोणालाही लागू पडणारे. हा सरळ कुलपालाच हात घालत होता.

"कोणासाठी होता शब्द? उभे राहा," पास्टर म्हणाले.

रूपराव उठले. "मले लागू नाई."

देवळात कुजबुज झाली. पास्टरांनी चष्मा पुसला. "शब्द पारखायलाच हवा. पुढल्या रविवारी सणाला सगळे जमतील, तेव्हा देवळातली सगळी खोकी उघडून पाहू."

"सणाच्या दिवशी काऊन?" धनंजय मागून म्हणाला. "लोकं जेवाले येतीन का खोके पाहाले?"

पण पास्टरांचं ठरलं होतं.

रूपराव तडक महादेवरावांच्या ओट्यावर गेले. "तुमी बोलले प्रमिलाबाईजवळ."

"बावा, मी तिले ओळखतबी नाई."

"मंग तिले खोकं दिसलं कसं?"

"तुमच्याच देवानं दाखवलं असन. माह्यावर काऊन येता?"

हे उत्तर रूपरावांना अजिबात पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वांगी घ्यायच्या निमित्तानं चाळीकडे गेले. प्रमिलाबाई दारात कोंबडा धरून बसल्या होत्या. सणाला तोच प्रभूला वाहायचा होता.

"बाई, ते खोकं केवढं होतं?" रूपरावांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"केवढं म्हणजे... होतं एक."

"त्याले कडी पितळी होती का?"

"पितळी होती का जी?" प्रमिलाबाईंनी उलट विचारलं. "तुमाले काऊन एवढी चौकशी? तुमाले तं लागू नाई ना?"

"नाई नाई. माहा काय संबंध," रूपराव म्हणाले आणि वांगी न घेताच निघाले. कोंबड्यानं त्यांच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं.

घरी देवकाबाई ट्रंक उपसत होत्या. "माह्यं जुनं लुगडं कुठी गेलं? तुमी पाह्यलं का?"

"मी कायले पाहू लुगडं?"

देवकाबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही थोडंफार दिसायला लागलं होतं.

वर्ध्याहून कारागिराचा निरोप आला, भात्याचं कातडं मिळेना, सणानंतरच या. रूपराव पुन्हा महादेवरावांच्या ओट्यावर गेले. या वेळी आवाज मऊ होता. महादेवरावांच्या भजनी मंडळाची हार्मोनियम होती.

"घेऊन जा ना," महादेवराव म्हणाले. "तुमी भजनच करता, नाच थोडी करता. फक्त समोरून मंडळाचं नाव रंगवेल आहे."

"उपरणं टाकतो मी."

रविवारी पहाटेच रूपरावांनी विटा काढून हार्मोनियम खोक्यात ठेवली आणि तिच्या पुढच्या अंगावर उपरणं पसरलं. उपासनेला देऊळ भरलं. वेदीपुढे ज्वारीच्या पेंढ्या, तुरीच्या शेंगा, आणि खिडकीच्या गजाला बांधलेला प्रमिलाबाईंचा कोंबडा. पास्टरांनी आधी हार्मोनियमचं खोकं उघडायला सांगितलं. रूपरावांनी कुलूप काढलं. सगळ्या माना उंचावल्या.

आत हार्मोनियम होती.

"आत पाह्यजे तेच आहे," रूपराव म्हणाले. "पाहून घ्या."

"शब्द खोटा ठरला म्हणाचा," धनंजय घाईनं म्हणाला. "आता बाकीचे खोके उघडाची गरज नाई, पास्टर. वेळ चालला."

पास्टरांनाही ते पटलं. ते प्रमिलाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, कधी कधी आपलंच मन बोलतं. पुढे जरा जपून."

"माह्यं मनच बोललं असन जी," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

रूपरावांनी कीर्तन लावलं. परक्या गावात दुसऱ्याच्या शेतातली कणसं वेचणाऱ्या रूथचं आख्यान. भजनी मंडळाची हार्मोनियम अशी गोड होती, की पास्टरही ताल धरू लागले. धनंजयनं तर डोळेच मिटले. पुढच्या वर्षीचं कीर्तन पक्कं झालं, हे रूपरावांना पास्टरांच्या मानेवरून कळत होतं. पण गाताना नजर राहून राहून शेवटच्या रांगेकडे जाई. दरवर्षी रूथपाशी आलं की सगळ्यांत आधी रडणारी बाई आज पदराआड कोरडी बसली होती.

"आणि रूथ म्हणाली," रूपरावांनी सूर थांबवला. इथे ते नेहमीच थांबत, लोकांना डोळे पुसता यावेत म्हणून.

त्या शांततेत कोंबडा आरवला.

रूथच्या गोष्टीत कोंबडा नाही. कोंबडा आहे तो, प्रभूला आपण ओळखतच नाही असं खोटं सांगणाऱ्या शिष्याच्या गोष्टीत. खोटं सांगून होताच तो आरवतो, आणि ती गोष्ट देवळातल्या लहान पोरांनाही पाठ. कोणीतरी फिसकन हसलं. रूपराव हसले नाहीत. त्यांनी भाता बंद केला, उपरणं ओढून बाजूला केलं. पिवळ्या अक्षरांत भजनी मंडळाचं नाव अख्ख्या मंडळीसमोर उभं राहिलं.

"प्रमिलाबाई," ते म्हणाले, "शब्द मले लागू होता. त्या दिवशी खोक्यात विटा होत्या. आपली हार्मोनियम उंदरानं खाल्ली. मी शेव ठेवत होतो आत."

"शेव?" देवकाबाई उभ्या राहिल्या. "आन विटा कायच्यात गुंडायल्या होत्या?"

"लुगड्यात."

पुढचं देवकाबाईंनी देवळात असल्यामुळे मनात ठेवलं. प्रमिलाबाईंनी मात्र कपाळावरचा पदर मागे सारला.

पास्टर गंभीर झाले. "दादा, कबुली दिली ते बरं केलं. पण दुसऱ्यांची वस्तू त्यांनी ज्यासाठी ठेवली त्यासाठीच राहू द्या. उरलेलं आख्यान कीबोर्डवर होईल. धनंजय, काढ."

धनंजय जागचा हलला नाही.

"धनंजय?"

"पास्टर," धनंजय चपलेकडे पाहत म्हणाला, "तो शब्द अर्धा मलेबी लागू आहे."

कीबोर्डच्या खोक्यातून उशी निघाली. कीबोर्ड वडनेरला धनंजयच्या मेव्हण्याच्या बँडमध्ये वराती वाजवत होता.

मग मागून महादेवराव, जे आपली हार्मोनियम कशी वाजते ते ऐकायला दाराशी येऊन उभे होते, म्हणाले, "वाजवा ना बावा. मंडळाले मी सांगतो." पास्टरांनी मान हलवली आणि रूथ पुन्हा शेतात उतरली. यंदा तिचं आख्यान नेहमीच्या अर्ध्या तासात काही संपलं नाही. प्रमिलाबाई सगळ्यांच्या आधी रडल्या, आणि पुढच्या सणाला कीर्तन राहील असं पास्टरांनी जाहीरही केलं.

"आता शेवटी," ते खुशीत म्हणाले, "बाईंचा शब्द खरा ठरला. बाई, आणखी काही मनात येतंय का?"

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले. देऊळ इतकं शांत झालं, की कोंबड्यानंही पंख आवरले.

"आता मले," त्या हळूच म्हणाल्या, "एक बॅग दिसून राह्यली."

"उभे राहा, आशीर्वाद घेऊ," पास्टर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात उंच केले आणि खुर्चीखालची आपली काळी बॅग टाचेनं आणखी आत ढकलली.